नाकतोड्याचा कैवार

मुंगी आणि नाकतोड्याची गोष्ट मराठी मुलाला अक्षरओळखीबरोबरच भेटते. मुंगी उन्हाळाभर दाणे साठवते, नाकतोडा गाण्यात रमतो. थंडी पडली की तो तिच्या दारात येतो आणि ती त्याला बाहेरच्या बाहेर वाटेला लावते. तात्पर्य एकच, की आळशाला उपास घडतो. वॉल्ट डिस्ने यांच्या स्टुडिओने १० फेब्रुवारी १९३४ रोजी प्रदर्शित केलेला ‘द ग्रासहॉपर अँड द अँट्स’ हा सुमारे आठ मिनिटांचा विनोदी ॲनिमेशनपट म्हणजे याच तात्पर्याची रंगीत आवृत्ती, असा समज रूढ आहे. हा समज चुकीचा आहे, असे मला दाखवायचे आहे. श्रम कशाला म्हणायचे आणि कोणाचे देणे कोणाकडे निघते, हे या पटाचे खरे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे देताना तो जुन्या कथेचा निवाडा विचारपूर्वक फिरवतो.

आधी पूर्वपक्ष पुरत्या ताकदीनिशी मांडला पाहिजे, कारण तो पोकळ नाही. १९३३ साली अमेरिकेत काम करू शकणाऱ्या दर चार माणसांमागे जवळपास एक बेकार होता. त्याच वर्षी २७ मे रोजी या स्टुडिओचा ‘थ्री लिटल पिग्ज’ आला. गवताचे आणि काटक्यांचे घर घाईने उभारून नाचत सुटलेली दोन डुकरे आणि घाम गाळून विटा रचणारे तिसरे, अशी ती कथा. लांडगा आला तेव्हा विटांचेच घर टिकले. पुढे जून १९३४ मध्ये ‘द वाइज लिटल हेन’ आला. डोनाल्ड डक पडद्यावर पहिल्यांदा दिसला तो याच पटात, मक्याच्या पेरणीला हातभार लावायला नको म्हणून पोटदुखीचे सोंग करताना. नाकतोड्याचा पट या दोहोंच्या मधला. एका वर्षाच्या आसपास एकाच स्टुडिओतून काम आणि कामचुकारपणा यांवरच्या तीन कथा निघाल्या, तेव्हा त्यांत मंदीच्या काळातले प्रवचन ऐकू येणे स्वाभाविक आहे. त्यात नाकतोड्याच्या गाण्याचे नावच ‘द वर्ल्ड ओज मी अ लिव्हिंग’. जगाने मला पोसलेच पाहिजे, असा त्याचा दावा. आणि मुंग्यांच्या राणीचा कायदा असा की जो काम करील त्यालाच इथे थारा मिळेल. यापुढे आणखी पुरावा कशाला हवा, असे पूर्वपक्ष विचारतो.

पूर्वपक्षाची दुसरी फळी शेवटाबद्दल बोलते. इसापाच्या मुंग्या नाकतोड्याला हाकलतात, डिस्नेच्या मुंग्या त्याला घरात घेतात. हा बदल निव्वळ व्यावसायिक आहे, असे या फळीचे म्हणणे. लहान मुलांसमोर पडद्यावर कोणी थंडीने गारठून मरू शकत नाही, म्हणून कथेवर गुळाचा पाक ओतला गेला. उपदेश तोच राहिला, फक्त त्याची धार गेली.

दोन्ही फळ्यांना उत्तर देण्याआधी पट नीट पाहू. त्यात कामावरून ढळणारा कामगार एकच आहे, आणि तो नाकतोडा नव्हे. अँडी नावाची एक चिमुकली मुंगी चेरीचे ओझे ओढत चालली आहे. ओझे तिच्याहून कितीतरी मोठे, चाल मुंगीचीच. नाकतोडा तिला थांबवतो, खाणे झाडाला लागलेलेच आहे मग कष्ट कशाला असे सांगतो आणि व्हायोलिनवर गज ओढतो. अँडी आधी बिचकते, मग तिचे पाय हलू लागतात आणि बघता बघता ती ओझे विसरून नाचू लागते. एवढ्यात राणी येते. तिची नाराजी ध्यानात येताच अँडी दचकून पुन्हा ओझ्याला भिडते. कामचुकारपणाविरुद्ध प्रवचन द्यायचे असते तर शिक्षेची जागा हीच होती. पटाने अँडीला कसलीही शिक्षा केलेली नाही. उलट प्रेक्षकाला तिच्या नाचात सामील करून घेतले आणि राणीची चाहूल लागल्यावर तिच्याइतकेच दचकवले. राणी नाकतोड्याला बजावते, की बर्फ पडेल तेव्हा तुझे हे गाणे बदलेल. तो हसण्यावारी नेतो. इथपर्यंत पट जुन्या कथेच्या रुळावर आहे. त्याचे वेगळेपण हिवाळ्यात उघड होते.

पाने गळतात, बर्फ पडते. भुकेलेल्या नाकतोड्याला एक शेवटचे पान दिसते आणि तेही वारा उडवून नेतो. निळा पडलेला, धडपडत चाललेला तो जीव मुंग्यांच्या झाडाशी येतो, दार ठोठावतो आणि तिथेच कोसळतो. आत मेजवानी चालू आहे. आता क्रम पाहा. त्याला उचलून आत नेतात त्या साध्या कामकरी मुंग्या. त्या राणीला विचारायला जात नाहीत, उन्हाळ्यात तू काय केलेस अशी चौकशीही करत नाहीत. त्याला उबेत आणतात, पाय गरम पाण्यात ठेवतात, खायला घालतात. राणी येते ती यानंतर. म्हणजे सुटका आधी आणि सुनावणी नंतर. भुकेल्याला वाचवण्यासाठी त्याची लायकी तपासायची नसते, हे ज्या मुंग्यांनी उन्हाळाभर ओझी वाहिली त्यांनाच सर्वांत आधी कळले. कष्टाचे निष्ठुर कौतुक करणारा पट हा क्रम असा ठेवणार नाही.

मग राणीचा निवाडा. मुंग्यांच्या राज्यात काम करणाऱ्यालाच राहता येते, हा नियम ती ठासून सांगते. नाकतोड्याचा चेहरा उतरतो. आपले व्हायोलिन घेऊन चालते व्हा, असाच हुकूम आता सुटणार असे त्याला आणि आपल्यालाही वाटते. हुकूम सुटतो तो व्हायोलिन घेऊन वाजवण्याचा. ‘गुळाचा पाक’ म्हणणाऱ्यांची चूक नेमकी इथे होते. राणीने दयेपोटी नियम शिथिल केला असता तर ती टीका खरी ठरली असती. तिने नियम जसाच्या तसा ठेवला, त्याला अपवाद केला नाही, आणि त्या नियमातल्या ‘काम’ या कलमाखाली वादन येते असा अर्थ लावला. चांगला न्यायाधीश कायद्याचे शब्द न मोडता त्याची कक्षा रुंदावतो, तसा हा निवाडा आहे. भीक आणि हक्क यांत जे अंतर आहे ते या निवाड्याने राखले. नाकतोडा तिथे आश्रित म्हणून राहत नाही. त्याला काम नेमून दिले जाते आणि ते त्याचेच काम असते.

वादन हे काम आहे, हे पट केवळ राणीच्या तोंडून सांगत नाही. त्याची घडणच ते सिद्ध करते. दिग्दर्शक विल्फ्रेड जॅक्सन हे डिस्नेच्या स्टुडिओतले कोण होते, हे इथे महत्त्वाचे आहे. १९२८ मध्ये ‘स्टीमबोट विली’ हा पट करताना चित्र आणि संगीत एका तालात कसे बांधायचे हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा मेट्रोनोमचा ठोका आणि फिल्मच्या चौकटी यांचे गणित मांडले ते जॅक्सन यांनी. त्यांची आई पियानो शिकवत असे, त्यामुळे मेट्रोनोम त्यांच्या परिचयाचा होता. एका सेकंदाला २४ चौकटी. म्हणजे तालाचा ठोका दर १२ चौकटींनी पडत असेल तर पाऊलही बाराव्या चौकटीला पडायला हवे. हा पट ज्या ‘सिली सिम्फनी’ मालिकेतला, तिच्यातले पट या शिस्तीवर उभे होते. या पटाचे संगीत लेह हार्लाइन यांचे. आठ मिनिटांच्या पटात अकरा हजारांहून अधिक चौकटी येतात आणि मुंग्यांचे चालणे, उचलणे, ओढणे हे सारे त्या संगीताच्या मोजणीत बसवलेले आहे. नाकतोड्याला हसणारी मुंगीदेखील एक पाऊल तालाबाहेर टाकू शकत नाही. मुंग्यांचे कष्ट एका बाजूला आणि संगीत दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी कथेत असेल. पटाच्या पोटात ती नाही. तिथे संगीत हीच श्रमाची घडी आहे.

आवाजाचीही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. नाकतोड्याला आवाज दिला पिंटो कोल्विग यांनी. तरुणपणी सर्कशीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा हा माणूस पुढे डिस्नेच्या गूफी या पात्राचा आवाज म्हणून जगाला ठाऊक झाला आणि हे गाणे गूफीच्या तोंडीही बसले. विशेष हे, की ‘थ्री लिटल पिग्ज’मधल्या विटा रचणाऱ्या कष्टाळू डुकराचा आवाजही कोल्विग यांचाच. वर्षभराच्या आत एकाच कलावंताने कष्टाळूही साकारला आणि गाणाराही. ही भूमिकांची निवड कोणत्या हेतूने झाली याबद्दल माझा काही दावा नाही. पण ‘कामाचा माणूस’ आणि ‘गाण्याचा माणूस’ अशा दोन जाती नसतात, याचा हा जिताजागता दाखला आहे.

पूर्वपक्ष परंपरेचा आधार घेतो, म्हणून परंपराही तपासू. या कथेचा निवाडा जगन्मान्य होता, हेच मुळात खरे नाही. इसापाच्याच नावावर आणखी एक कथा आहे, ज्यात मुंगी पूर्वी माणूस होती. हा शेतकरी स्वतःच्या पिकावर समाधानी नसे, शेजाऱ्यांचे धान्य चोरी. झ्यूसने त्याला मुंगी केले, तरी सवय गेली नाही. म्हणजे ज्या परंपरेने मुंगीला गुरुपदी बसवले, तिनेच तिच्या साठवणुकीत हाव पाहिली. प्लेटोच्या ‘फीड्रस’मध्ये सॉक्रेटिस सिकाडांची, म्हणजे जुन्या कथेत नाकतोड्याच्या जागी येणाऱ्या गाणाऱ्या कीटकांची, कथा सांगतो. ती पूर्वी माणसे होती. गाण्यात इतकी रमली की खाणेपिणे विसरली आणि मेली. त्यांचे सिकाडे झाले आणि कोण कोणत्या कलादेवतेची सेवा करतो याची खबर देणे हे काम त्यांना मिळाले. इथेही गाणाऱ्याला कामच नेमून दिले आहे. राणीचा निवाडा वाटतो तितका नवखा नाही, हे यावरून दिसते.

ला फोंतेन यांनी १६६८ मध्ये फ्रेंचमध्ये ही कथा आपल्या संग्रहाच्या अगदी आरंभी घातली आणि शाळकरी मुलांच्या पिढ्यांनी ती घोकली. १७६२ मध्ये रूसो यांनी ‘एमिल’मध्ये तिच्यावर आक्षेप घेतला. मुले नेहमी वरचढ पात्राची बाजू घेतात. इथे ती मुंगीची घेतील आणि तिच्याकडून काय शिकतील? नकार द्यायला, आणि नकार देताना वर टोमणा मारायला. हा आक्षेप आजवर कोणी समाधानकारकपणे खोडलेला मला दिसत नाही. इसापनीती वाचून मुलांमध्ये उद्योगीपणा किती वाढतो कोण जाणे, पण गरजू माणसाला ‘तेव्हा काय करत होतास?’ असे विचारण्याची खोड मात्र आपल्या सगळ्यांच्या अंगी मुरलेली आहे.

उरला निसर्ग. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ जाँ-आंरी फाब्र यांनी प्रोव्हान्समध्ये सिकाडे वर्षानुवर्षे निरखले. आपल्या कीटकविषयक ग्रंथमालेच्या १८९७ मधल्या खंडात त्यांनी नोंदवले, की कथेने भूमिका उलट्या केल्या आहेत. भर उन्हाळ्यात पाण्याचा टिपूस नसतो तेव्हा सिकाडा आपल्या चोचीने झाडाच्या सालीला भोक पाडून रस काढतो, आणि त्या झऱ्याभोवती जमलेल्या मुंग्या त्याचे पाय ओढून, त्याच्या अंगावर चढून त्याला हुसकावतात. शिवाय सिकाडा उन्हाळ्यातच मरतो. हिवाळ्यात कोणाच्या दारी जायला तो उरतच नाही. अर्थात कीटकांवरून माणसांनी नीती ठरवू नये. पण मुंगीच्या बाजूने निसर्गाला साक्षीला बोलावणाऱ्यांनी फाब्र यांची साक्षही ऐकून घ्यावी.

आता सिद्धान्तपक्ष. नाकतोड्याचा दोष कोणता? व्हायोलिन वाजवणे हा दोष असता तर राणीने ते हिसकावून घेतले असते. जगाने मला पोसलेच पाहिजे, हा दावा दोषास्पद आहे. शेवटी नाकतोडा तेच गाणे त्याच चालीवर गातो, पण त्यातला ऋणको आणि धनको यांची अदलाबदल झालेली असते: आता तोच जगाचे देणे लागतो. वाद्य तेच, चाल तीच, गाणाराही तोच. बदलली ती फक्त हिशेबाची बाजू. आळसावरचा पट असता तर नाकतोड्याच्या हातात फावडे आले असते. इथे त्याच्या हातात व्हायोलिनच राहते आणि त्याच्या वादनाला ऋणाची जाणीव जोडली जाते. मुंग्यांच्या बाजूचा बदलही तितकाच मोठा आहे. उन्हाळ्यात राणीला संगीत म्हणजे कामातला अडथळा वाटत होते. हिवाळ्यात तिनेच ते काम म्हणून मान्य केले. चूक दोघांचीही होती आणि दोघेही सुधारले. तात्पर्य एकाच बाजूला झुकवणाऱ्यांना पटाचा हा अर्धा भाग दिसत नाही.

ज्या हिवाळ्यात हा पट आला, त्या हिवाळ्यात वादन हे काम मानायचे की नाही, हा प्रश्न अमेरिकेत रस्त्यावर होता. १९२७ नंतर बोलपट रुजले आणि मूकपटांना साथ करणारे हजारो वादक चित्रपटगृहांतून बाहेर पडले. वादकांच्या संघटनेने ‘डबाबंद संगीता’विरुद्ध वृत्तपत्रांत जाहिराती दिल्या. हे वादक आळशी होते, असे कोणी म्हणेल काय? त्यांची भाकरी ज्या यंत्राने घेतली, त्याच यंत्रावर ‘सिली सिम्फनी’ मालिका उभी राहिली, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. दुसरीकडे रूझवेल्ट सरकारने १९३३च्या नोव्हेंबरात सुरू केलेल्या योजनेतून जानेवारीपर्यंत ४० लाखांहून अधिक बेकारांना काम दिले. डिसेंबरात चित्रकार-शिल्पकारांसाठी वेगळी योजना आली आणि तिच्यात सुमारे ३,७०० कलावंतांना सरकारी पगारावर चित्रे-शिल्पे करायला बसवले गेले. संगीतकारांसाठी अशीच योजना १९३५ मध्ये निघाली. डिस्नेच्या पटामुळे हे घडले असे मला म्हणायचे नाही. पट तर आधीच आखला गेला असणार. राणीने दिलेले उत्तर त्या काळाच्या हवेत होते आणि त्या हिवाळ्यात राज्यकर्तेही त्याच उत्तराकडे येत होते, एवढे मात्र निश्चित.

मराठी वाचकाला हे उत्तर परके वाटण्याचे कारण नाही. छापील इसापनीती आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तंजावरच्या मराठी दरबारात आली आणि १८२८ मध्ये सदाशिव काशिनाथ छत्रे यांच्या भाषांतराने महाराष्ट्रातल्या शाळांत पोचली. त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या गावगाड्यात गुरव, गोंधळी, भाट, घडशी, वाजंत्री यांना सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याचा वाटा मिळत असे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ मधल्या ‘गांव-गाडा’ या ग्रंथात या साऱ्यांची तपशीलवार नोंद आहे. आत्र्यांचा सूर कुणब्यावर पडणाऱ्या या भाराबद्दल तक्रारीचा आहे आणि ती तक्रार खोटी नव्हती. शिवाय तो वाटा जातीच्या उतरंडीत, पुष्कळदा अपमान गिळून घ्यावा लागे. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्यासारखे काही नाही. तरीही एक गोष्ट उरतेच. वाजवणाऱ्याचाही धान्यावर हक्क आहे, हे तत्त्व आपल्या खळ्याला ठाऊक होते. ते मोडीत काढून ‘गाणारा तो आळशी’ हा धडा आपण पुस्तकातून घेतला.

आता संभाव्य आक्षेप. पहिला असा, की राणीने नाकतोड्याला पोटासाठी चाकर केले; उन्हाळ्यात तो मनाला येईल तेव्हा वाजवत होता, आता हुकुमावर वाजवणार. आक्षेपात तथ्य आहे. पोट दुसऱ्याच्या कोठारावर अवलंबून असले की कलेवर दाब येतो. खुद्द डिस्नेच्या स्टुडिओत १९४१ मध्ये चित्रकारांना वेतनासाठी आणि संघटनेच्या हक्कासाठी संप करावा लागला. पण याने माझा मुद्दा दुबळा न होता उलट भक्कम होतो. वादन हे काम ठरले, तरच वादकाला मजुरी मागता येते, तासांची मर्यादा मागता येते, संघटना बांधता येते. ‘हौस’ म्हणून हिणवलेल्या कष्टाला संप करायचीही सोय नसते.

दुसरा आक्षेप: मग आळस नावाचे काही नसतेच काय? असते. स्वतःचा भार मुकाट्याने दुसऱ्याच्या खांद्यावर सरकवून देणे हा आळस, आणि डोनाल्डची पोटदुखी हे त्याचे चोख उदाहरण. नाकतोड्याने पुढचा विचार केला नाही, हेही मान्य. पण अविचारीपणा आणि आळस हे वेगळे दोष आहेत आणि त्यांची औषधेही वेगळी. अविचारी माणसाला सल्ला लागतो, निवारा लागतो. त्याला आळशी ठरवून दार लावले, की आपली जबाबदारी संपली असे वाटू लागते. त्या गैरसमजाची किंमत दाराबाहेरचा माणूस मोजतो.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर. कोठार भरलेले होते म्हणून राणीला उदार होता आले. दुष्काळात ती काय करती? याचे उत्तर पट देत नाही, आणि आठ मिनिटांत देऊही शकत नाही. मात्र जिथे कोठार भरलेले आहे, मेजवानी चालू आहे, तिथे तरी दुष्काळाचा हा बचाव चालणार नाही. आपले आजचे बहुतेक नकार टंचाईतून येत नाहीत. अमुक माणूस करतो ते कामच नव्हे, अशी आपण घालून घेतलेली समजूत त्यांच्या मुळाशी असते. तमाशाच्या फडातला ढोलकीवाला, लग्नाच्या हंगामापुरती बिदागी मिळणारा सनईवाला, नाटकाच्या तालमी बिनपगारी करणारे नट यांच्याबद्दलचे आपले बोलणे ऐकावे, म्हणजे जुनी मुंगी अजून किती जोरात बोलते ते कळते.

म्हणून हा पट मुलांना दाखवावा, पण आळसाचे उदाहरण म्हणून दाखवू नये. अँडी नाचली तेव्हा तिने खरेच काही वाईट केले का, कामकरी मुंग्यांनी राणीची परवानगी का घेतली नाही आणि नियम न मोडता राणीने नाकतोड्याला कसे ठेवून घेतले, हे त्यांना विचारावे. उत्तरे शोधताना मुलांना दोन गोष्टी कळतील. ज्याला कला येते त्याच्यावर इतरांचे ऋण असते आणि ते त्याने आपल्या कलेनेच फेडायचे असते. आणि ज्यांच्या घरात धान्य आहे त्यांनी श्रमाची व्याख्या आपल्या ओझ्याच्या मापाने करायची नसते. पहिली गोष्ट कलावंतांना लागू आहे, दुसरी आपल्या सगळ्यांना. आणि दुसरी पाळली गेली, तरच पहिलीचा आग्रह धरण्याचा अधिकार आपल्याला पोचतो.